मधली भिंत अर्धी माझी

टेग्वेन सात वर्षांची असताना तिच्या आईचं, मार्गेडचं, शेजारच्या जेनेटशी भांडण झालं. कारण चॅपलमध्ये फुलं कोणी ठेवायची, एवढंच. टेग्वेननं जिन्याखाली बसून ते भिंतीपलीकडून ऐकलं. पुढची अकरा वर्षं दोघी बोलल्या नाहीत. तरी जेनेट बहिणीकडे गेली की मार्गेड किल्ली घेऊन जायची आणि तिच्या शेगडीत कोळसा पेटवून यायची. टेग्वेननं विचारलं तेव्हा म्हणाली, "भांडण तिच्याशी आहे, भिंतीशी नाही."

समुद्राकडे तोंड करून खांद्याला खांदा लावलेली त्यांच्या ओळीतली सात घरं. किनाऱ्याचे गोटे चुन्यात बसवलेले, वर काळ्या पाटीच्या दगडाचं छप्पर. दोन घरांत भिंत एकच, आणि दोघांची धुराडी तिच्याच पोटात. एका घरची आग विझली की दुसऱ्या घरात ओल. वेल्सच्या त्या किनाऱ्यावर हे कोणी कोणाला शिकवत नाही.

टेग्वेन म्हातारी झाली तोवर जेनेटचं घर कार्डिफच्या गेरेंटनं घेतलं, वर्षातून दोन आठवडे राहायला. "मावशी, नळ तेवढे बघाल ना?" म्हणत किल्ली दिली. टेग्वेन नळ बघायचीच, पण दर शनिवारी शेगडीही पेटवायची. मग ती गुडघ्याच्या उपचाराला आठवडाभर इस्पितळात गेली, आणि यानं तेवढ्यात दर्शनी भिंत सिमेंटनं लिंपून घेतली. चुना जुनाट दिसतो म्हणे.

पहिल्याच पावसाळी वाऱ्यात सिमेंटला बारीक भेगा गेल्या. पाणी आत शिरलं आणि बाहेर पडायची वाट मिळाली नाही. मार्चमध्ये टेग्वेनच्या पलंगामागे काळा डाग उमटला, हातभर. आईच्या लग्नातली रजई बुरसली. तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

गेरेंट ईस्टरला आला, तेव्हा तिनं त्याचा हात धरून डागावर दाबला. तो म्हणाला, माझं घर, मी काहीही लावीन.

"घर म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे, झाकण लावून ठेवायला? पुढची भिंत तुझी, बाबा. मधली अर्धी माझी."

तो हसला. तिथेच चुकला. गवंड्यानं सिमेंट तिच्या बाजूच्या उभ्या पन्हळीपर्यंत ओढलं होतं, म्हणजे हद्दीपलीकडे वीतभर. दुसऱ्या सकाळी गुडघा बांधून टेग्वेन शिडीवर चढली आणि छिन्नी-हातोड्यानं ती वीत खरवडायला लागली. चार दिवस. खाली गोटे दिसले तेव्हा त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं.

गेरेंट लालबुंद होऊन बाहेर आला. तिनं मोजपट्टी पुढे केली. "मोज. तुझ्या हद्दीला नखही लावलं नसेल."

त्यानं मोजलं. एक सूतही जास्त निघालं नाही. तो गाडीत बसून गेला. सिमेंट काही काढलं नाही. तिनं आपल्या वितीला चुना फासला. डाग अर्धा सुकला, अर्धा राहिला. त्या अर्ध्यावरून ती शेवटपर्यंत त्याला शिव्या घालत होती.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी तिनं खिळ्यावरून किल्ली घेतली, कोळशाची बादली उचलली, आणि गेरेंटला मेल्या, मूर्खा म्हणत त्याच्या रिकाम्या घरात गेली. शेगडी पेटवली. भिंतीला हात लावून पाहिला. गरम झाली तशी राख झाडली, दार ओढलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली. रात्री ती झोपेतच गेली. रविवारी चॅपलात तिची जागा रिकामी होती.