पाचवी प्रतिज्ञा

इकडे हिंदी मुलखात, कंपू नावाच्या मोहल्ल्यातल्या आमच्या बुद्धविहारात चपलांपेक्षा किस्से जास्त साठतात. चपला निदान लोक घरी नेतात! सगळे किस्से आमच्या कमिटीचे. अध्यक्ष कांबळेकाका, सेक्रेटरी माझे बाबा. मी कॉलेज सोडलेला, म्हणजे या म्हाताऱ्यांच्या मते बोलायचा हक्कही सोडलेला.

*

विहाराच्या अंगणाला पत्र्याचं छत हवं होतं. म्हणून बुद्धपौर्णिमेला एका नेत्याला बोलावलं, उठता-बसता राष्ट्र-राष्ट्र करणारा. त्यानं आल्या आल्या संगमरवरी बुद्धाच्या कपाळावर कुंकवाचा टिळा ओढला. कमिटीनं टाळ्या वाजवल्या!

"काका, ये क्या हो रहा है?" मी ओरडलो.

"गप रे! छत होतंय ना?"

संध्याकाळी आईनं ओल्या फडक्यानं पुसलं. गुलाबी डाग राहिला तो राहिलाच.

*

पुढच्या वर्षी नेता पुन्हा आला. डाग बघून खूश! "वाह, आप लोग तो पहले से ही लगाते हैं!"

छत? भाषणात झालं.

*

मग इंदरगंजच्या चौकातून नेत्याच्या पक्षाची यात्रा निघाली. "बुद्ध तो सबके हैं" म्हणून आमची मूर्ती ट्रकवर. मांडीवरच्या हातांत कुणीतरी तलवार टेकवली. बाबा शेजारीच, फेटा बांधून.

"तलवार का नाही काढली?" मी घरी विचारलं.

"ट्रक हलत होता."

*

बावीस प्रतिज्ञा आई सांगायची, लोक मागून म्हणायचे. पाचवी म्हणजे, बुद्ध विष्णूचा अवतार नाही. नेता तर दर भाषणात त्याला नववा अवतार करायचा. कांबळेकाका आईला म्हणाले, "वहिनी, पाहुणे असले की पाचवी गाळा. चारनंतर डायरेक्ट सहा."

आईनं माइक बाबांच्या हातात दिला. "तुम्हीच गाळा."

तिनं पुन्हा माइकला हात लावला नाही. बाबांनी गाळली. दर वर्षी.

*

हॉस्पिटलात शेवटी शेवटी आई बाबांना म्हणाली, "अहो, माझ्या वेळेला कुणी पाहुणे नसतील. सगळ्या म्हणा."

बाबा रडत हो म्हणाले.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला अंगण भरलं. डोक्यावर ऊन. समोर आईचा फोटो, मागे गुलाबी कपाळाचा बुद्ध. नेता आला नव्हता, त्याचा हारसुद्धा नाही. बाबांनी माइक घेतला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

मग सहावी.

सगळ्यांनी मागून म्हटली. कुणी अडखळलंसुद्धा नाही.