माफीने अडवलेली जागा

माझ्या कॉलेजच्या दिवसांतला घरगुती कॉम्प्युटर मी टीव्हीला जोडला होता. फोनवरून मागितलेलं वेबसाइटचं पान पाठवणारा सर्व्हर मला त्याच्यावर चालवायचा होता. पण त्याची मेमरी इतकीशी, की आजचा एक फोटोही तीत मावणार नाही. प्रोग्राम कापून कापून हाडापर्यंत आणला, तरी थोडक्यासाठी अडत होता. कित्येक रविवार मी बायकोचा टीव्ही अडवला होता आणि येता-जाता तिची माफी मागत होतो.

ती मागे येऊन उभी राहिली. "अहो, हे एवढं लांबलचक काय लिहिलंय?"

"मागितलेलं पान नसलं तर हा म्हणेल, 'क्षमस्व, कृपया माफ करा, आपण मागितलेले पान येथे उपलब्ध नाही.'"

"म्हणजे यालाही तुमचीच सवय लावलीत! काढा ते."

आपलं देवनागरी अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा घेतं. मी खोडत गेलो. शेवटी 'पान नाही' एवढंच उरलं, आणि प्रोग्राम मावला! मनात आलं, माझ्या माफीने घरातही अशीच जागा अडवली असेल. समोरच्याने 'असू दे' याखेरीज बोलायचं तरी काय?

तिने फोनवरून मुद्दाम नसलेलं पान मागितलं. यंत्र क्षणभर थबकलं आणि फोनवर अक्षरं उमटली: पान नाही.

"पान नाही? मग सुपारी तरी पाठव म्हणावं!"

आम्ही दोघं खो खो हसलो. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याकडे नसलेलीच पानं मागत राहिली.