सोनीची सुई आणि माझा दमा

मला दिवस गेले आहेत, ही बातमी माझ्या नवऱ्याला गुरांच्या डॉक्टरांसमोर, गोठ्यात कळली. यात डॉक्टरांचा काही दोष नाही. दोष थोडा आप्पांच्या वळूचा, थोडा सोनीचा, आणि उरलेला (म्हणजे जवळजवळ सगळाच) माझा.

मी दौंडची. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले. शिट्टी ऐकून मालगाडी की पॅसेंजर हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं, पण गाय का हंबरते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि लग्न होऊन आले कुठं? तर न्हावऱ्याला, जिथं माणसांपेक्षा गुरांच्या तब्येतीची चौकशी आधी होते! घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या. (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.) आणि आत्यांचा जीव की प्राण असलेली सोनी. सोनी ही वर्षाचीही न झालेली संकरित कालवड. तिची आई व्याली आणि लगेच गेली, तेव्हा आत्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्यामुळं ती घरात माझी धाकटी नणंद असल्यासारखी वावरायची.

एका सकाळी सगळे कांदा काढायला गेले आणि घरी मी अन् सोनी दोघीच राहिलो. सोनीनं हंबरायला सुरुवात केली. मी पाणी दाखवलं, कडवळाचा चारा टाकला, भाकरी दिली, गूळ दिला. हंबरणं चालूच! मान सारखी आप्पांच्या वस्तीकडं. आप्पा आमचे शेजारी, शेताच्या बांधापलीकडचे. मला वाटलं, एकटीला करमत नसेल बिचारीला. चार घरी फिरून आलं की बाईमाणसाला बरं वाटतं, हा माझा स्वतःचा अनुभव. मी सोनीचं दावं सोडलं आणि तिला आप्पांच्याकडं बसायला घेऊन गेले!

तिथं तिला लिंबाला बांधलं आणि मी आप्पांच्या बायकोकडं, म्हणजे काकूंकडं, चहा प्यायला आत गेले. बाहेर आले तर आप्पांचा वळू, तो हत्तीएवढा काळा-पांढरा वळू, दावं तोडून सोनीशेजारी उभा. दोघंही अगदी शांत. मी म्हटलं, चला, ओळख झाली.

संध्याकाळी मी आत्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आत्या, सोनी सकाळपासून नुसती हंबरत होती. मी आप्पांच्यात फिरवून आणली. आता बघा कशी गप्प आहे!"

आत्यांच्या हातातली पाटी खाली आली. "कुठं नेली व्हतीस?"

"आप्पांच्यात."

"वळू बांधलेला व्हता का?"

"होता की."

"समदा येळ?"

"नाही, नंतर तिच्याशेजारी उभा होता."

आत्या मटकन ओट्यावर बसल्या. "अगं माझे बाई! माजावर आली व्हती ती! आन् तू तिला घरपोच दिलीस?"

मग मला सगळं समजावून सांगण्यात आलं. हंबरणं करमेना म्हणून नव्हतं, वळूसाठी होतं. सोनी स्वतःच अजून वासरू. तिला राहिलं तर पोटातलं वासरू बापावर जाऊन थोराड होणार, वेताला ते अडणार, आणि आई-वासरू दोन्ही हातचं जाणार. आत्यांनी बाटलीनं वाढवलेलं पोर मी चहाच्या एका कपापायी मारायला निघाले होते.

बातमी बांधापलीकडं गेली. आप्पा मिशीवर हात फिरवत आले. "एवढं तोंड पाडायला काय झालं? माझ्या वळूसाठी लोक वरवंडहून टेम्पोत गाई घालून आणत्यात. तुमचं काम फुकाट झालं, तर वर रडताय!"

आत्या कडाडल्या, "आप्पा, लेकराच्या पोटात लेकरू घातलं तुमच्या वळूनं! जरा तरी लाज बाळगा!"

आप्पांनी मिशी सोडून दिली.

आमचे हे एम-एटी मोपेडवर डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "राहिलं असेल किंवा नसेल, पण एवढ्याशा कालवडीत जुगार नको. पोट पाडायची सुई मिळते. मात्र आजच टोचून उपयोग नाही, थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात. मी येतो."

ते थोडे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक, कारण मधे माहेरी जाऊन आले आणि कळलं की मलाही दिवस गेलेत! आईनं बजावलं, "तीन महिने भरल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. जावईबापूंना तर मुळीच नको." आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला साखरपुड्यातच समजलं होतं. मी गप्प बसले. इकडं आत्या रोज सोनीच्या पाठीवरून हात फिरवत डोळे पुसायच्या, मला मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुईचा दिवस उजाडला. डॉक्टर आले, आप्पा आले, काकू आल्या, न बोलावलेले चारजण आले. सोनी कुणाला जवळ येऊ देईना. मी गूळ दाखवून तिची मान कवटाळली तेव्हा कुठं उभी राहिली. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, सुई भरली, आणि म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. हे औषध माणसाच्या कातडीवर सांडलं तरी वाईट. कुणाला दमा असेल त्यानं लांब व्हावं. आणि कुणा बाईला दिवस गेले असतील, तर तिनं इथं थांबूच नये."

मी सोनीची मान सोडली आणि उडी मारून थेट गव्हाणीपलीकडं!

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता काय सांगू? तोंडात आलं ते बोलून मोकळी झाले, "मला दमा आहे!"

"दमा?" आमचे हे किंचाळले. "कवापासून?"

"लहानपणापासून."

"आन् लग्नात का न्हाई सांगितलं? आई, आपल्याला फसवलं गं!"

आप्पांनी लगेच मान डोलावली. "तरी मी म्हणत व्हतो, पोरगी पाव्हण्यारावळ्यांतली बघा."

काकू म्हणाल्या, "दम्याला कांद्याचा रस लई चांगला." न बोलावलेल्यांपैकी एकानं खोकून दाखव म्हटलं. मी खोकले. (वाईट खोकले.) माझं लग्न मोडायची वेळ आली आणि डॉक्टर हवेत सुई धरून उभे!

आत्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि सावकाश विचारलं, "दमेकरी बाई चिंचेची अख्खी बरणी चाटूनपुसून संपवती व्हय गं?"

सगळ्या माना पुन्हा माझ्याकडं वळल्या.

"वहिनी," डॉक्टर काकुळतीला आले, "दमा की दिवस? एकदाच काय ते सांगा. सुई भरलीय माझी."

"दुसरं," मी गव्हाणीआडून म्हणाले.

आमच्या ह्यांनी आनंदाच्या भरात आप्पांना मिठी मारली. या गडबडीत त्यांच्या हातचं दावं सुटलं आणि सोनी मोकळी! ती कांद्याच्या मोकळ्या रानातून पळतेय, मागं हे, त्यांच्यामागं आप्पा, आणि सगळ्यांच्या मागं हात वर धरून डॉक्टर, "अभिनंदन! अभिनंदन! अरे, धरा तिला!" शेवटी आप्पांनीच तिला बांधावर गाठलं. गुन्हेगार त्यांच्या घरातला होता, तेवढी भरपाई त्यांनी केली.

मी चुलीपुढं बसून रडत होते. आत्या आल्या. "तुला कवाच घालवून द्यायला पायजे व्हती," असं म्हणायच्या ऐवजी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "येडी का काय! मी नवी व्हते तवा म्हशीला माज आला, तर ताप आला म्हणून मी तिच्या डोक्यावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या व्हत्या. तुझ्या सासऱ्यांनी हसून हसून जेवण सोडलं. कालवडीला सुई लागली, आता ती पुन्हा माजावर यील. मी हाय ना राखणीला. तू तुझं पोट सांभाळ." तेवढं बोलणं मला आजवर पुरलं आहे. दौंडच्या पोरीला त्यांनी त्या दिवशी न्हावऱ्याची केली.

सुई लागू पडली. सोनी पुन्हा हंबरली तेव्हा आत्या काठी घेऊन गोठ्याच्या दारात बसल्या. त्या दोन दिवसांत आप्पांच्या घरचं मांजरसुद्धा बांध ओलांडून आलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आत्ता भरवायची घाई नको, चांगली वाढू द्या." मग पेंड, मका, लाड. पुढच्या साली ती भरदार झाल्यावर डॉक्टरांनी स्वतः येऊन, बारीक वासरं देणाऱ्या वळूचं बीज निवडून, तिला भरवलं. तेव्हा माझी लेक मांडीवर होती.

सोनी भर दुपारी व्याली. मी लेकीला कडेवर घेऊन गोठ्यात उभी. आत्यांनी नुसता हात लावला, तोवर वासरू बाहेर! कालवडच झाली. सोनी उठली आणि तिला चाटायला लागली. मी ढसाढसा रडले आणि आत्यांच्या पायाच पडले. आत्यांनी पदरानं डोळे पुसले आणि जमलेल्या बायकांकडं वळून म्हणाल्या, "बघा गं, पहिलारू असून पोरीनं हूं का चूं केलं न्हाई. न्हाईतर आमची सूनबाई! पहिलं बाळंतपण म्हणून दौंडला माहेरी गेली. दवाखान्यात अशी वरडली, अशी वरडली, की बाहेरच्या रिक्षावाल्यानं मला इचारलं, 'मावशी, आत किती जणी हायत?'"

खरं सांगायचं तर, त्या खोलीत मी एकटीच होते.