पिंपरीला चढणारी आत्या

हळू बोलणं हा प्रकार देवानं माझ्या आत्याला दिलाच नव्हता. तिनं पिंपरीच्या फलाटावरून हाक मारली की तिकडे देहूरोडला पहाऱ्यावरचा शिपाई दचकत असेल अशी माझी अजून खात्री आहे. गुपित सांगायला ती अगदी कानाशी येई, आणि ते ऐकून सगळ्या डब्यातल्या बाया माना डोलवत. अशा बाईच्या सख्ख्या भावाच्या पोटी माझ्यासारखी मुकी भाची कशी जन्मली, हे आमच्या घराण्यात कुणालाच उलगडलं नाही. आज माझी नातवंडं ‘आजी, मध्ये श्वास घे’ म्हणतात. त्यांना तेव्हाची मी दाखवली असती तर आजारी समजून काढा पाजला असता.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झाले आणि शाळेतल्या मास्तरांनी वडिलांच्या मागे लागून मला पुण्याच्या कॉलेजात घालायला लावलं. वडिलांनी अट घातली, पोरगी एकटी गाडीत बसणार नाही. आत्या बिचारी लवकर विधवा झालेली. पिंपरीत म्हशी राखायची आणि रोज सकाळच्या गाडीनं दुधाच्या दोन किटल्या घेऊन पुण्याला रतीब घालायला जायची. तिची सोबत आहे तोवर कॉलेज; सोबत सुटली की महाळुंग्याच्या स्थळाला होकार. वडील मला चिंचवडला बायकांच्या डब्यात बसवून देत. पुढच्या स्टेशनाला आत्या चढे, किटल्या दाराशी ठेवी आणि खिडकीतून मागे तोंड करून ओरडे, “पोरगी ताब्यात आली रं, दादा.” मी म्हटलं, चिंचवडला काय ऐकू जातंय? वडील म्हणाले, “जातं की.”

कॉलेजातला पहिला महिना मी रडण्यात घालवला आणि दुसरा, रडलेलं दिसू नये याच्या खटपटीत. पहिल्याच दिवशी मी वर्गाच्या दाराबाहेर चपला काढल्या. आमच्या शाळेत पायताण घालून विद्येसमोर कुणी जात नसे. आत पाहते तो सगळ्यांच्या पायांत चपला नि बूट. परत जाऊन घालाव्यात तर सगळे बघणार. तेव्हा ही विदुषी पाय पातळात ओढून तासभर अंग चोरून बसली, आणि तास संपेपर्यंत चपला कुणीतरी नेल्या. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “पाय हायत न्हवं जाग्यावर? मग माझ्या घाल.” तिच्या वहाणा गडीमाणसाच्या मापाच्या, वर करकर वाजणाऱ्या. मुंगीच्या पावलानं जगू पाहणारी मी त्या पायांत घालून उशिरा वर्गात शिरले, की फळ्यावर लिहिणारे सरसुद्धा खडू थांबवून वळून बघत. दिवस दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. दुपारी पाण्याच्या टाकीमागे बसून भाकरी खायची आणि घराकडची गाडी येईपर्यंत आकाशाकडे बघायचं, एवढंच माझं उच्च शिक्षण.

आत्याचं निदान ठरलेलं होतं. म्हैस कधी कधी दूध वर ओढून धरते, त्याला आमच्याकडे पान्हा चोरणं म्हणतात. “ही पान्हा चोरती,” आत्या डब्यात जाहीर करी. मग उपचार सुरू झाले. उकडलेली सरकी गुळात कालवून तिनं मला गाडीतच चारली. पाठीवरून हात फिरवत, म्हशीला म्हणायची तेच गाणं म्हटलं. सरकीनं माझं पोट बिघडलं, बाकी काही फरक पडला नाही. शेवटी एके दिवशी रतीब घालून झाल्यावर ती रिकाम्या किटल्या वाजवत थेट वर्गाच्या दारात उभी राहिली.

“मास्तर, माझी भाची बोलती का न्हाई?”

सर चष्मा सावरत म्हणाले, “कोण भाची, बाई?”

“ती काय, खांबामागं. न्हाई दिसायची. तसंच बसती ती.”

खांबामागे मी होते. जमीन दुभंगत नसते हे मला त्या दिवशी कळलं. पण दुसऱ्या दिवशी टाकीमागे दोन मुली डबे घेऊन आल्या. त्यांतली एक म्हणाली, “तुझी आत्या परत कधी येणार आहे गं?” कॉलेजात मला उद्देशून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी उत्तर दिलं, “सांगता येत नाही.” तीन शब्द. मग त्यांनी माझी चटणी मागितली.

त्याच वर्षी पिंपरीच्या माळावर कंपनीसाठी तारेचं कुंपण पडलं. चराई गेली. डब्यातल्या बाया त्यावर बोलत, आत्या मात्र म्हशींच्याच गोष्टी सांगे. थोरली रुसली, धाकटीनं लाथ मारली. थंडी सरत आली होती. दापोडीच्या अलीकडे गाडीनं हिसका दिला, एक किटली आडवी झाली, झाकण उडालं, आणि डब्यात पाणी पसरलं. नुसतं पाणी.

बाया खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांना माहीत असावं.

“आत्या, म्हशी?”

“इकल्या. दिवाळीच्या आदुगरच.”

“मग रोज पुण्याला कशाला येतेस?”

“कशाला म्हंजे? दूध न्हाई म्हनल्यावर दादा तुला घरी बसवंल.” ती पदरानं पाणी टिपत होती. “रिकामी किटली वाजती गं. म्हून पानी.”

“आणि दिवसभर?”

“बसती की शिवाजीनगरला बाकड्यावर. तुझी गाडी हुईस्तवर.”

तिचे गुडघे सुजलेले होते, ते मी त्या दिवशी पाहिले.

रात्री वडील जेवायला बसले तेव्हा मी वाढता वाढता म्हणाले, “उद्यापासून मी एकटी जाणार. आत्याला झेपत नाही.” आवाज एवढा फुटला की आई चुलीपाशी दचकली.

वडिलांनी घास संपवला. “म्हशी इकल्या त्याच दिशी कळलं मला. तुझी आत्या किटल्या घिऊन चढती म्हनल्यावर मी काय बोलू?” मग भाकरी मोडत म्हणाले, “जा एकटी. पर मला ठावं हुतं, हे तिला सांगू नगंस.”

मी सांगितलं नाही. मला एकटीला धाडायला वडिलांना आपणच राजी केलं, असं ती पुढे सगळ्या पिंपरीला सांगत असे, आणि मी मान डोलवत असे.

दुसऱ्या सकाळी पिंपरी आली. डब्यात कुणी चढलं नाही. दाराशी किटल्यांची जागा रिकामीच राहिली. बायांनी चार दिवस तिथं काही ठेवलं नाही. पाचव्या दिवशी कासारवाडीला एक माळीण चढली आणि तिनं मेथीची पाटी तिथं टेकवली. तिला काय माहीत. मी पाय आखडून घेतले आणि तिला म्हटलं, “नीट ठेवा, मावशी, दापोडीला हिसका बसतो.”