ओलीच्या कडेची खुटी

उमरावकाकांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "एम.ए. कशात केलं?"

"मराठीत."

"मराठी तर येतच होती ना तुले?"

तेव्हापासून आमची मैत्री. ते एकसष्ट वर्षांचे, मी सव्वीसचा. नोकरी मिळेपर्यंत गावात राहायला आलो होतो. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जाऊन बसायचो. ते तिथेच असत.

उमराव कापगते, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातले. आमच्या गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधला. नवेगाव बांधच्या तलावापुढे तो डबकंच, पण गावाचा धान त्यावर पिकतो. तलाव आता सरकारचा आहे. पाळ सांभाळायला काकांना कोणी सांगितलेलं नाही. तरी ते सांभाळतात.

पाणी झिरपतंय का ते बघायला पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी ते अनवाणी चालतात. तळव्याला जमीन ओली लागली की ओलीच्या कडेला बांबूची खुटी ठोकतात. दुसऱ्या दिवशी बघायचं, ओल खुटीच्या आत आहे की पुढे सरकली. पण ज्याने खुटी ठोकली त्याने ती बघायची नाही. दुसऱ्याने बघायची आणि दिसेल तेच सांगायचं. हे त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलंय. आधी त्यांची बायको, कुंदाकाकी बघायच्या. त्यांचे गुडघे गेले आणि ते काम माझ्याकडे आलं.

"ठोकनाऱ्याच्या मनात धाक असते, नाहीतर आशा असते," काका म्हणाले होते. "दोन्हीनं डोळे बिघडतात."

यंदा जूनमध्ये कळलं की ते आठ महिने संडासातलं रक्त मूळव्याध समजून लपवत होते. गोंदियात दुर्बिणीने तपासलं. गुदाशयात गाठ होती. कॅन्सरची.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "गाठ आहे हे कळलं. ती आतड्याच्या भिंतीत किती खोल गेलीय ते एमआरआयमध्ये दिसेल. मग ठरवू, आधी ऑपरेशन की आधी शेक."

शेक म्हणजे रेडिएशन.

एमआरआयच्या आधी त्यांचा कमरेचा चांदीच्या मण्याचा करगोटा काढायला लावला. तो मी मुठीत धरून बाहेर बसलो. चाळीस मिनिटांनी काका आले.

"आत कोनी टीन ठोकून राहिला होता. अन मले म्हने हलू नको. मी कायले हलतो?"

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मी एकट्याने आणला. सायकल स्टँडवर उभा राहून वाचला. गाठ भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत गेली होती. त्यापुढचं पातळ आवरण एक मिलीमीटरहून कमी अंतरावर होतं. ते वाक्य तीनदा वाचलं. वेगळं काही निघालं नाही.

काका पाळीवर वाट बघत होते. "खुटीच्या आत आहे का पुढं?"

"आत आहे," मी म्हणालो. "लहान आहे गाठ."

ते हसले. मला बरं वाटलं.

चार दिवसांनी डॉक्टर बाईंनी सांगितलं, गाठ बाहेरच्या आवरणाजवळ आलीय. आत्ता कापली तर थोडी मागे राहू शकते. नागपुरात पाच आठवडे शेक आणि गोळ्या, मग दोन महिने थांबायचं, परत एमआरआय, मग ऑपरेशन.

काकांनी ऐकून घेतलं. बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर लोक धाक दाखवतेत. माह्या मानसानं वाचलं आहे. लहान गाठीले पाच हप्ते शेक कायले? कापाचं तर आत्ता काप म्हना. नाहीतर मी रोवणीले चाललो."

आणि ते खरंच धानाच्या रोवणीला लागले.

आठव्या दिवशी काकी माझ्या घरी आल्या. गुडघे धरत पायरीवर बसल्या. "कोनाचंच ऐकून नाही राहिले. एकच म्हनतेत, बाबूनं वाचलं आहे. काय वाचलं होतं रे तू?"

मी उठलो. सरळ बांधीवर, धानाच्या शेतात गेलो. काका गुडघाभर चिखलात उभे होते.

"काका, मी खोटं सांगितलं."

त्यांनी हातातली धानाची रोपं खाली ठेवली. "पुढं गेली आहे?"

"खुटीला टेकलीय. एक मिलीमीटर पण अंतर नाही."

"म्हनजे किती?"

"धानाच्या दाण्याची अर्धी जाडी."

त्यांनी हाताचा चिखल झटकला. "काऊन सांगतलं तसं?"

"भीती वाटली."

"आठ दिवस खाल्ले ना बे तू माहे." मग पाय धुवायला शेताच्या कडेला, धुऱ्याकडे वळले. पाठमोरेच म्हणाले, "पाच हप्ते पाळीकडं कोन पाहील?"

"खुट्या मी ठोकतो. काकी बघतील."

"तिचे गुडघे?"

"मोटारसायकलवर आणतो."

"पाडू नको तिले."

नागपूरहून रोज संध्याकाळी काकांचा फोन यायचा. जेवण जात नाही, आग होते, हे काकींना. मला फक्त पाळीचं विचारायचे. एकदा काकी खुटीपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "पुढं गेली रे." मी तसंच सांगितलं.

"पानी गढूळ आहे का नितळ?"

"नितळ."

"मंग राहू दे. गढूळ म्हनजे आतली माती वाहून राहिली, तसं झालं तर सांग."

दुसरा एमआरआय गेल्या आठवड्यात झाला. लोंब्या भरल्यात. काका दहा किलोंनी उतरलेत. रिपोर्टचं पाकीट त्यांनी फोडलं नाही, डॉक्टर बाईंकडेही नेलं नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसून माझ्या हातात दिलं. "आधी तू."

मी वाचलं. गाठ आक्रसली होती. मधलं अंतर चार मिलीमीटर.

"दोन दाणे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. पुष्कळ वेळ. मग आत जाऊन डॉक्टर बाईंना विचारलं. बाईंनी पडद्यावर जुनं आणि नवं चित्र शेजारी लावलं. त्याही म्हणाल्या, चार. आता ऑपरेशन करता येईल. गाठ खालच्या बाजूला आहे, शौचासाठी पोटावर पिशवी लागेल. ती पुढे काढता येईल का, ते आत्ता सांगता येत नाही.

"पिशवीचं पाहू," काका म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हलका झालाय तो हात.

ऑपरेशन मंगळवारी आहे. काल संध्याकाळी आम्ही पाळीखाली गेलो. ते हळू चालले, अनवाणीच. एका ठिकाणी थांबले, वाकून खुटी ठोकली. उठताना माझा खांदा धरला.

"उद्या पाहशील," म्हणाले. "अन दिसन ते सांगशील."