विंगकाका आणि तिसऱ्या पानावरचं वाक्य

नाटक कंपनीत त्यांना सगळे विंगकाका म्हणत. एकतीस वर्षं ते विंगेतल्या एकाच स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करत आले होते. मांडीवर नाटकाची वही, हातात मिणमिणता टॉर्च. नट अडला की पुढचा शब्द असा सोडायचा, की तो नटाला ऐकू जावा पण पहिल्या रांगेला जाऊ नये. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नट मुद्दाम थांबलाय की वाक्य विसरलाय, हे ते त्याच्या गळ्याकडे बघून ओळखत. विसरलेला माणूस आवंढा गिळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे त्यांनी फक्त काकूंना, म्हणजे बायकोला सांगितलं होतं. चारचौघांत सांगण्याची त्यांची छाती नव्हती.

कारण विंगेबाहेर पाऊल पडलं, की विंगकाकांची बोबडी वळे. न्हाव्यानं "पुढचं कोण?" असं विचारलं की हे मान खाली घालत. मागून आलेले खुर्चीत बसून, दाढी करून, पावडर लावून निघून जात आणि हे जुनी मासिकं चाळत बसत. शेवटी न्हावी जेवायला जाताना दुकानाची किल्लीच यांच्याकडे देऊ लागला. बसमध्ये "थांबवा" म्हणायचं धाडस नाही, म्हणून दर खेपेला ते थेट डेपोत पोचत आणि तिथून अर्धा तास चालत घरी येत. डेपोतल्या लोकांनी त्यांच्यासाठी चहाचा एक कप वेगळा ठेवला होता.

पण गंमत पाहा. हाच माणूस दुसऱ्याच्या पाठीमागे उभा केला, की वाघ! एकदा बँकेच्या रांगेत पुढचे म्हातारे गृहस्थ खिडकीशी अडखळले. त्यांनी आवंढा गिळला, आणि विंगकाका सवयीनं मागून पुटपुटले, "सही तीच आहे साहेब, हात म्हातारा झालाय." गृहस्थांनी तेच म्हटलं आणि काम झालं. झालं, ही कीर्ती गल्लीभर पसरली. घरमालकाकडे, शाळेत, साहेबाच्या केबिनमध्ये जाताना लोक विंगकाकांना मागे उभं करायला नेऊ लागले. शेजारच्या मुलीनं तर मागणी घालायला आलेल्याला नकार देताना त्यांना पडद्याआड बसवलं. नकार इतका सुरेख उतरला, की तो बापडा आभार मानून गेला.

आणि स्वतः विंगकाकांच्या मागे कोण? काकू. दुकानात त्या डाव्या खांद्यामागे अर्धं पाऊल सोडून उभ्या राहत.

"अर्धा डझन अंडी द्या, म्हणा."

"अर्धा डझन अंडी द्या."

"तडकलेली नकोत."

"तडकलेली नकोत."

"हसा."

"हसा," विंगकाका दुकानदाराला म्हणाले. दुकानदार बिचारा हसला. तेव्हापासून त्यांना बघितलं की तो आधीच हसून घेई.

तीस वर्षांचा संसार असा सुरळीत चालला होता, आणि काकूंच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करायला हवं, उशीर झाला तर मी जबाबदार नाही. तोवर आणि नंतरही तीन आठवडे बोलायचं नाही. "आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. कुजबुजण्यानं घशाला जास्त त्रास होतो."

काकूंनी मान हलवली. विंगकाका मात्र डॉक्टरांना 'बरं' म्हणायलाही काकूंकडे बघू लागले.

त्यात त्या हॉस्पिटलचा नियम असा, की भरती होताना सगळी माहिती नातेवाइकानं खिडकीशी उभं राहून तोंडी द्यायची. लिहून आणलेलं चालायचं नाही. लोक घरून काहीही लिहून आणतात, असा अनुभव होता म्हणे. तीनदा पुकारून कोणी पुढे आलं नाही तर तारीख दीड महिना पुढे. म्हणजे काकूंची गाठ आता विंगकाकांच्या जिभेवर टांगलेली होती, आणि ती जीभ कसली आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

विंगकाकांनी त्यांना येत होतं ते केलं. चार दिवस बसून वही लिहिली. एका बाजूला खिडकीतल्या बाई विचारतील ते प्रश्न, दुसऱ्या बाजूला नवऱ्याची उत्तरं, कुठे थांबायचं तिथे लाल पेन्सिलीची खूण. तिसऱ्या पानावर एका वाक्याखाली दोन रेघा मारल्या. दाढ काढली तेव्हा काकूंना पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं होतं आणि त्यांचा श्वासच बंद पडत आला होता. ते वाक्य सुटलं तर सगळंच संपलं.

भरतीचा दिवस उजाडला. काकू पाटी-पेन्सिल घेऊन बाकावर बसल्या, विंगकाका वही घेऊन खिडकीपाशी गेले. तिथे एक बेकरीवाला उभा होता. चांगला आडदांड, मिशांवर मैदा, घसघशीत आवाज. विंगकाका आपोआप त्याच्या मागे, अर्धं पाऊल सोडून उभे राहिले.

आतल्या बाईंनी काकूंचा नंबर पुकारला. "यांचे मिस्टर कोण?"

विंगकाका वहीचं पहिलं पान शोधू लागले.

"दुसऱ्यांदा पुकारतेय. मिस्टर कोण?"

काय होतंय हे कळायच्या आत विंगकाकांच्या तोंडून कुजबूज निघून गेली, "मी. मी नवरा."

"मी. मी नवरा," बेकरीवाला खणखणीत आवाजात म्हणाला. या माणसानं जन्मात कधी एकही प्रश्न अनुत्तरित सोडला नव्हता. बाईंनी टायपिंग सुरू केलं. काकूंच्या हातातली पाटी खाली पडली.

पहिलं पान सुरेख गेलं. पत्ता बिनचूक, फोन नंबर बिनचूक. विंगकाकांना तर वाटलं, एवढा तयारीचा नट कंपनीत एकही नाही.

"पेशंटचं वय?"

"चौपन्न," विंगकाका कुजबुजले.

"चौपन्न," बेकरीवाल्यानं मागे वळून काकूंकडे नीट पाहिलं. "वाटत नाहीत ना?"

हे वहीत नव्हतं! पण बाई हसल्या, रांग हसली, आणि घात झाला. एकदा हशा मिळालेला नट प्रॉम्प्टरचं ऐकत नाही, हे विंगकाका एकतीस वर्षं बघत आले होते. बेकरीवाल्यानं खिडकीवर कोपर टेकलं.

"औषधाची वगैरे अ‍ॅलर्जी?"

"पेनिसिलीन चालत नाही," विंगकाका कुजबुजले.

"छे हो! ठणठणीत आहे. लोखंड पचवेल! आमच्या पावावर वाढलेली माणसं ही."

"पेनिसिलीन चालत नाही!" पुन्हा कुजबूज. बेकरीवाला पावाबद्दल बोलत सुटला होता. बाईंनी 'काही नाही' असं टाइप केलं, कागद काढला आणि शिक्का उचलला.

विंगकाकांनी काकूंकडे पाहिलं. काकू उठून उभ्या होत्या, हात हलवत होत्या, ओठ हलवत होत्या आणि आवाज नव्हता. मग विंगकाकांच्या आतून काहीतरी फुटलं.

"पेनिसिलीननं तिचा श्वास बंद पडतो! तिसऱ्या पानावर आहे! वाक्य खाऊ नका!"

सगळा हॉल त्यांच्याकडे वळला. शिक्का वरच्या वर राहिला. पार टोकाच्या एक्स-रेच्या दारातून दोन माणसं डोकावली. बाईंनी चष्मा खाली ओढला. "तुम्ही कोण?"

हा प्रश्न वहीत नव्हता. विंगकाकांनी सवयीनं काकूंकडे बघितलं. काकूंनी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले. ओठ हलवून त्यांना सांगता आलं असतं, पण त्यांनी सांगितलं नाही.

विंगकाकांनी आवंढा गिळला.

"नवरा," ते म्हणाले. "मी आहे नवरा."

"मग हे कोण?"

बेकरीवाला अंग चोरून उभा राहिला. "मी संडास कुठंय ते विचारायला आलो होतो."

उरलेल्या चौदा प्रश्नांची उत्तरं विंगकाकांनी स्वतः दिली. शर्ट घामानं भिजला. पेनिसिलीनचं त्यांनी न विचारता आणखी दोनदा सांगितलं. कागदावर शिक्का पडल्यावर ते तिथेच फरशीवर बसले आणि बेकरीवाल्यानं त्यांना पाणी पाजलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पाचव्या दिवशी दोघं बसनं घरी निघाली. आता माणूस बदलला असेल, असं कोणालाही वाटेल. घराचा थांबा आला. विंगकाकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि थांबा निघून गेला. बस दोघांना घेऊन डेपोत पोचली. डेपोतल्या लोकांनी काकूंसाठीही एक कप शोधून आणला.

"चुकलंच माझं," विंगकाका मान खाली घालून म्हणाले. "एवढंसं 'थांबवा' म्हणता येत नाही. त्या दिवशी हॉलमधे तरी नीट ऐकू आलं का गं तुला?"

काकूंनी कप खाली ठेवला, पाटी मांडीवर घेतली आणि एक ओळ लिहिली. मग पाटी त्यांच्यासमोर धरली.

'शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.'