हत्तीच्या जागी भोक

धुळ्याच्या कापसाच्या पेढीवर तोलारी म्हणून लागलो तेव्हा मला विसावं सरलं होतं. मी आजऱ्याकडचा, शाळा सहावीत सुटलेली, ओळखदेख कुणाची नाही. शेठनी दाखला मागितला नाही की जामीन. वखारीच्या माळ्यावर पथारी टाकायला जागा दिली, दोन्ही वेळचं ताट दिलं. ते उपकार मी आजही मानतो. पण त्याच पेढीवरच्या एका रिवाजानं माझा जो जीव खाल्ला, तोही विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही.

पेढीचे मुनीम म्हातारे होते, सगळे त्यांना नाना म्हणत. आलेलं पत्र वाचून झालं की ते लोखंडी तारेत ओवायचे. तारेला खाली लाकडी चकती, वर आकडा. तार भरली की ती माळ्याच्या आढ्याला टांगायची. शेठच्या आजोबांपासूनची पत्रं अशी माझ्या डोक्यावर लटकत होती. आणि भोक पाडायचं ते नेमकं पत्रावरच्या टपालाच्या तिकिटातून. राजा असो, राणी असो, तार थेट तोंडातून आरपार.

एकदा न राहवून विचारलं, "नाना, तिकिटातूनच का?"

"मंग कोठून? अक्षरले भोक पाडू?" नाना चष्म्यावरून बघत म्हणाले. "आन तठे कागद दुहेरी ऱ्हास, फाटत नही. तू तुना काटा सांभाळ, भाऊ."

मला तिकिटांचं वेड लागलं ते देवपूरला. शेठचा निरोप घेऊन पांझरा नदीपलीकडे एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेलो होतो. ते, सगळ्यांचे आबा, भिंगाखाली तिकिटं बघत बसलेले. मी उंबऱ्यातच घुटमळलो, तर म्हणाले, "उभा का? बस की. डोळे चांगले आहेत ना तुझे? माझे गेले." त्या दिवसापासून दर रविवारी मी पूल ओलांडून जाऊ लागलो. सहावी नापासाला त्यांनी तिकिटांवरची इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायला शिकवली. कुणी मला खुर्चीवर बसवून शिकवलंय, हेच मला नवीन होतं.

पण ती विद्या काही हाताला येईना. पहिल्यांदा मी मोठ्या ऐटीत एक लांबरुंद तांबडं तिकीट नेलं. एवढं मोठं, म्हणजे किंमतही मोठीच असणार! आबा हसले. "अरे, हे हुंडीचं. टपालाशी याचा काय संबंध?" दुसऱ्यांदा एक जुनं नेलं. "जुनं आहे, पण असली गावोगाव पडलीत. जुनं ते सगळं किमतीचं असतं तर मीच केवढा महाग झालो असतो!" तिसऱ्यांदा कागद कसला ते कळावं म्हणून मी तिकीट बोटांत चोळून बघितलं, कापसाचा पेळू ओढून बघतात तसं. आबांनी हातावर चापटी मारली आणि चिमटा पुढे केला. परतताना पुलावर मी स्वतःलाच शिव्या घालत होतो.

आबांच्या वहीत एक चौकोन रिकामा होता. अर्ध्या आण्याचं निळं, राणीचं. त्यात दोन जाती. एकीच्या कागदात हत्तीचं डोकं दडलेलं असतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. काळ्या बशीत तिकीट पालथं घालून वर पेट्रोलचे थेंब सोडले की उमटतं. हत्तीवालं आबांकडे होतं. त्याच्या आधीचं, बिनहत्तीचं, नव्हतं. दिवाळीनंतर आबा मुलाकडे बडोद्याला जाणार होते, कायमचे. तोवर तो चौकोन मी भरायचाच, असं मनाशी घेतलं. दुसरं काय देणार होतो मी त्यांना?

नानांची परवानगी काढली. "काढ. पन अक्षर कापशी तं याद राख!" मग रोज दुपारच्या सुट्टीत आढ्यावरची एकेक तार उतरवू लागलो. डोक्यात धूळ, नाकात कापसाचं तूस. सगळ्यात जुन्या तारेवर निळ्या राण्या पाच निघाल्या. पाचांनाही भोक. कोमट पाण्यात सोडवली, टिपकागदावर वाळवली आणि रविवारी आबांकडे नेली.

भोक असलं तरी आबांना चालणार होतं. "मला विकायचंय थोडंच? जात कळली की बास."

बशीत पहिलं घातलं. भोकाच्या दोन्ही अंगांना हत्तीचे कान. दुसऱ्यात हत्ती. तिसऱ्यात, चौथ्यात हत्ती. पाचवं चिमट्यात धरलं. या एकाच तिकिटाला तारेचा गंज चढला होता, भोकाभोवती पार कडेपर्यंत तपकिरी डाग. पेट्रोल सोडलं. डागाच्या कडेला एक वाकडी रेघ दिसली.

"काय दिसतंय?" आबांनी विचारलं. डोळे माझे, निवाडा त्यांचा.

"रेघ आहे. सोंड असेल... किंवा गंजाची कडा."

"नीट बघ."

बघितलं. खिडकीत नेऊन बघितलं, भिंगानं बघितलं, परत पेट्रोल घालून बघितलं. हत्ती असायचा तिथेच नेमका गंज. मला ओरडावंसं वाटलं. खोटं बोलणंही जिभेवर आलं होतं. नुसतं "हत्ती नाही" म्हणायचं होतं, आबांना तपासता आलं नसतं.

"कळत नाही, आबा," मी म्हणालो.

आबांनी बशी बाजूला सारली. "मग नाही लावायचं. उभ्या नोकरीत न वाचता आलेल्या पत्त्यावर अंदाजानं 'पोचलं' लिहिलं नाही मी. पण कळत नाही म्हणालास, हे बरं केलंस."

त्यांना बरं वाटलं असेल, मला नाही वाटलं. वही तशीच ट्रंकेत गेली, चौकोन रिकामा ठेवून. तिकीट त्यांनी माझ्या हातात परत दिलं.

दिवाळीनंतर नाना तापानं पडले आणि पत्रं ओवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी अमळनेरच्या अडत्याचं पत्र आलं. मी भोक पाडायचा टोच्या घेतला आणि कोरी जागा शोधू लागलो, तिकीटही वाचावं, अक्षरही वाचावं अशी. त्या कंजूष माणसानं समासातसुद्धा भाव लिहिलेले. शेवटी सहीच्या खालच्या फराट्यातून भोक पाडलं.

आठवड्यानं नाना आले, तार चाळली, त्या पत्रापाशी थांबले.

"ह्या कोना उद्योग?"

"माझा."

"आजून तिकीट वाचाडस? तुना तो म्हातारा तं गया ना बडोदाले!"

नानांनी तारेवरची माझी सगळी पत्रं एकेक करून काढली, टोच्या उचलला आणि प्रत्येक तिकिटातून नवं भोक पाडून पुन्हा ओवली.